दोन नद्यांमधील सायकलयात्रा

सायकल हें वाहन मूळचें एकट्याचें. तिच्यावर बसणाराच तिचा घोडा आणि तोच तिचा स्वार. म्हणून सायकलीवरून दूरचा प्रवास म्हटला कीं, मागें वळकटी बांधलेला, उन्हानें करपलेला, वाटेंतल्या एखाद्या झाडाखालीं पंक्चर काढीत बसलेला एकटा प्रवासी डोळ्यांपुढें येतो. असा प्रवास धाडसाचा खरा, पण तो थोड्यांच्याच वाट्याला यावयाचा. कचेरींत बैठें काम करणारा, घरसंसार असलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस अशा प्रवासाचीं वर्णनें आवडीनें वाचतो आणि निःश्वास टाकून पुस्तक मिटतो.

अशा माणसांसाठीं अलीकडे एक निराळी रीत रूढ झाली आहे. पुष्कळांनीं मिळून निघावें, सामान मोटारीनें पुढें धाडावें, मुक्काम आधींच ठरवावे, दुरुस्तीस कारागीर आणि दुखण्यास वैद्य वाटेवर असावा. स्वारानें मात्र फक्त सायकल चालवावी. या रीतीवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. इतकी सोय झाल्यावर त्यांत पराक्रम तो कसला? दुसऱ्यांच्या मदतीनें झालेला प्रवास आपला म्हणावा तरी कसा? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं या प्रकारांतील सर्वांत नांवाजलेल्या यात्रेकडे पाहणें बरें. ती अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत दर वर्षीं जुलै महिन्याच्या अखेरीस भरते.

आयोवा हें अमेरिकेच्या मध्यभागांतील शेतीचें संस्थान. त्याच्या पश्चिमेस मिसूरी नदी आणि पूर्वेस मिसिसिपी. मध्यें मका आणि सोयाबीन यांचीं अफाट शेतें. राजधानी डे मॉइन. तेथून ‘रजिस्टर’ नांवाचें वृत्तपत्र निघतें. १९७३ सालीं या पत्राच्या जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल या दोघां लेखकांनीं सायकलीवरून संस्थान ओलांडावयाचें आणि वाटेंत दिसेल तें पत्रांत लिहावयाचें, असा बेत केला. दोघेही सायकलीचे शौकीन. त्यांनीं जातां जातां वाचकांनाही बरोबर येण्याचें आमंत्रण छापलें. ऑगस्टच्या २६ तारखेस सू सिटी येथें निघण्याच्या वेळीं पाहतात तों सुमारें ३०० माणसें सायकली घेऊन हजर! एम्स ते डे मॉइन या टप्प्यावर तर ही संख्या ५०० वर गेली. सहा दिवसांनीं डॅव्हनपोर्ट येथें मिसिसिपीचा कांठ गांठला, तेव्हां पहिल्यापासून शेवटपर्यंत आलेले ११४ जण भरले.

या ११४ जणांत क्लॅरन्स पिकार्ड नांवाचे एक गृहस्थ होते. वय ८३ वर्षें. आयुष्य शेतींत गेलेलें. सायकलीचा सराव जवळजवळ नाहीं. सायकल जुनी, विकत घेतलेली आणि बायकांच्या घडणीची. अंगांत लांब बाह्यांचा सदरा, त्याखालीं पायघोळ लोकरी अंतर्वस्त्र आणि डोक्यावर रुपेरी रंगाची सोला टोपी. ऑगस्टच्या उन्हांत लोकर कशासाठीं, असें विचारल्यास बाहेरची उष्णता त्यामुळें आंत येत नाहीं, असें ते सांगत. डे मॉइन ते विल्यम्सबर्ग हा ११० मैलांचा टप्पा, पारा १०० अंशांवर चढला असतां, या वृद्धानें पुरा केला. तरुण स्वार पुढें निघून जात. पिकार्ड आपल्या चालीनें मागून येत. दोघां लेखकांनीं त्यांची हकीकत रोज पत्रांत दिली आणि सारें संस्थान त्यांची वाट पाहूं लागलें. पुढील पन्नास वर्षांत या यात्रेला जें रूप आलें, त्याचें बीज बहुधा या वृद्धाच्या संथ चालींत असावें. हें काम तगड्या जवानांचें नव्हे, घरच्या आजोबांनाही तें साधेल, अशी लोकांची खात्री पटली.

ज्यांना त्या वर्षीं येतां आलें नाहीं त्यांच्या पत्रांचा वर्षाव झाला. शाळा उघडल्या होत्या, सूचना आयत्या वेळीं मिळाली, अशा तक्रारी आल्या. म्हणून १९७४ सालीं ऑगस्टच्या आरंभींच यात्रा पुन्हां निघाली आणि तेव्हांपासून ती प्रतिवर्षीं निघत आली. १९७५ सालीं तिला कायमचें नांव मिळालें. त्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून तिला ‘रॅगब्राय’ म्हणतात. २०२० सालीं महामारीमुळें तेवढा खंड पडला. २०२३ सालीं सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें स्वार पुन्हां सू सिटीहून डॅव्हनपोर्टकडे निघाले.

यात्रेचा मार्ग दर वर्षीं बदलतो. दिशा मात्र नेहमीं पश्चिमेकडून पूर्वेकडे, कारण वारा बहुधा पश्चिमेचा असतो. अंतर सरासरीनें ४७० मैलांच्या आसपास. तें सात दिवसांत विभागलेलें असल्यामुळें रोज साठ-सत्तर मैल पडतात. आरंभीं मागचें चाक पश्चिमेकडील नदींत बुडवावयाचें आणि अखेरीस पुढचें चाक मिसिसिपींत भिजवावयाचें, असा संकेत आहे. पहाटे तंबू मोडावा, बोचकें बांधून सामानाच्या मालमोटारीवर चढवावें, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्या आणि ऊन तापण्यापूर्वीं जितकें अंतर काटतां येईल तितकें काटावें. दुपारनंतर पुढील गांवच्या मैदानांत आपलें बोचकें शोधून पुन्हां तंबू ठोकावा. ज्यांनीं आषाढांत पालखीबरोबर पंढरीची वाट धरली आहे, त्यांना यांतील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील. तेथेंही दिंडीचें सामान वाहनांतून पुढें जातें, मुक्काम ठरलेला असतो, वाटेवर गांवकरी अन्नपाणी घेऊन उभे असतात. चालणें मात्र ज्याचें त्यालाच.

सायकल चालविणेंही येथें ज्याचें त्यालाच असतें. आयोवा सपाट आहे, अशी समजूत नवख्या स्वाराची असते आणि पहिल्याच दिवशीं ती मोडते. मिसूरीच्या बाजूस वाऱ्यानें हजारों वर्षें वाहून आणलेल्या बारीक मातीच्या टेकड्या आहेत. मिसिसिपीजवळही चढ-उतारांची रांग लागते. मधल्या भागांत वारा हाच डोंगर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. त्यामुळें समोरून वारा आला कीं, सपाट रस्ताही संपतां संपत नाहीं. जुलैंत मक्याचीं पानें एवढी वाफ सोडतात कीं, शेतांमधून जातांना ओल्या कांबळ्याखालून गेल्यासारखें वाटतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं सीटवर बसवत नाहीं, तळहात बधिर होतात. तहान लागण्यापूर्वीं पाणी प्यावें आणि भूक लागण्यापूर्वीं खावें, हा धडा न शिकलेल्याचे पाय ऐन दुपारीं अकस्मात् जड होतात. म्हणून शहाणा स्वार उन्हाळ्याच्या आरंभापासूनच अंतर वाढवीत नेतो आणि ओळीनें दोन-तीन दिवस सायकल चालवून पाहतो. कारण एका दिवसाचा थकवा निराळा आणि थकलेल्या अंगानें पुन्हां पहाटे निघणें निराळें.

समुदायाचा पहिला उपयोग येथें दिसतो. दुसऱ्याच्या मागें राहिल्यास वारा कमी लागतो. म्हणून आळीपाळीनें पुढें होऊन वाऱ्याला तोंड द्यावयाचें असतें. रस्त्यावर ओरडून सूचना देण्याची पद्धत ठरलेली आहे. समोरून मोटार आली, मागून मोटार आली, कोणी स्वार रस्त्यावर येत आहे, कोणी बाहेर पडत आहे, हें पुढचा मागच्यास सांगतो आणि हांक ओळीनें शेवटपर्यंत पोंचते. जो ती पुढें देत नाहीं, तो केवळ असभ्यच नव्हे तर धोक्याचा सोबती ठरतो.

दुसरा उपयोग गांवांचा. वाटेवरचीं पुष्कळ गांवें लहान. कांहींची वस्ती तर दोन-तीनशेंचीच. यंत्रें आलीं, शेतें मोठीं झालीं, शेतकरी थोडे उरले. १९८० नंतरच्या दशकांत कर्जाच्या संकटानें पुष्कळांच्या जमिनी गेल्या. तरुण शहरांकडे वळले, शाळा शेजारच्या गांवांत मिळविण्यांत आल्या. अशा गांवांत एका सकाळीं हजारों पाहुणे उतरतात. या दिवसाची तयारी महिनोन्महिने चाललेली असते. चर्चमधील बायका फळांचें सारण भरून भाजलेला ‘पाय’ नांवाचा पदार्थ विकावयास बसतात. नांवाचा हा योगायोग मराठी कानाला मौजेचा वाटेल; परंतु स्वारांचे पाय पुढें चालविण्याचें काम तो पदार्थ खरोखरच करतो. कोठें मक्याचीं कणसें भाजलेलीं असतात, कोठें शाळकरी मुलें लिंबाचें सरबत विकतात. आलेल्या पैशांतून अग्निशामक दलाचा बंब घेतला जातो किंवा वाचनालयाचें छप्पर दुरुस्त होतें. मुक्कामाचा मान आपल्या गांवाला मिळावा म्हणून गांवें अर्ज करतात आणि कोणाची निवड झाली तें जानेवारीच्या अखेरीस जाहीर होतें. स्वारांना गांवांची मदत होते, हें उघडच आहे; गांवांनाही स्वारांचा आधार असतो, हें शेवटच्या दिवसापर्यंत पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या गांवाकडे एरवीं कोणी वळूनही पाहत नाहीं, त्या गांवाला त्या दिवशीं आपण अजून आहोंत असें वाटतें.

आतां मूळ प्रश्न. या यात्रेंत मार्गावरून मदतीच्या गाड्या फिरत असतात. ज्याची सायकल दुरुस्तीपलीकडे मोडली किंवा ज्याची प्रकृति बिघडली, त्यानें रस्त्याच्या उजव्या कडेला सायकल उलटी करून ठेवावी. गाडी थांबते आणि त्याला मुक्कामावर पोंचविते. ही उलटी सायकल पुष्कळांना पराभवाच्या निशाणासारखी वाटते. मैलामैलाला मागें पडणारा स्वार गाडी आली कीं मान फिरवितो. घरीं मित्रांना काय सांगावें, हा त्याच्या मनांतला विचार. पण १९९५ सालच्या यात्रेंतील एका गुरुवारीं ऊन आणि समोरचा वारा यांनीं मिळून असा तडाखा दिला कीं, इतक्या स्वारांना गाड्यांचा आश्रय घ्यावा लागून त्या दिवसाला त्या गाड्यांचेंच टोपणनांव पडलें. त्या दिवशीं गाडींत बसलेले सारेच दुबळे होते, असें कोणी म्हणत नाहीं. ज्यांनीं अभिमानानें चक्कर येईपर्यंत पायडल मारलें, त्यांनीं शौर्य दाखविलें असेंही नव्हे. उष्माघातानें कोसळलेला माणूस चार सोबत्यांना आणि एका वैद्याला अडकवून ठेवतो; वेळेवर उतरणारा दुसऱ्या दिवशीं पहाटे पुन्हां सायकलीवर असतो.

सोय आहे म्हणून धोका नाहीं, असेंही समजूं नये. या पन्नास वर्षांत कांहीं स्वारांनीं या रस्त्यांवर प्राण गमावले आहेत. रस्त्याच्या मधोमध असलेल्या भेगेंत चाक अडकून एका स्वाराचा मृत्यू झाला; त्याबद्दल त्या परगण्याला २००७ सालीं साडेतीन लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. पुन्हां असा प्रसंग नको म्हणून परगण्यानें आपल्या हद्दींत यात्रेला बंदी केली आणि कांहीं काळानें ती उठविली. दोन्ही बाजूंचें भय खरें होतें. ज्याच्या घरचा माणूस परत आला नाहीं त्याचें दुःख पैशानें भरून येत नाहीं; आणि आदरातिथ्य करावें तर खजिना रिकामा व्हावा, ही लहान परगण्याची काळजीही खोटी नव्हे. मदत देणाऱ्यानें रस्ता पाहून ठेवावयाचा आणि घेणाऱ्यानें डोळे रस्त्यावर, शिरस्त्राण डोक्यावर व हात ब्रेकवर ठेवावयाचे. या दोन कर्तव्यांपैकीं एक दुसऱ्यावर ढकलून चालत नाहीं.

तेव्हां मदतीनें केलेला प्रवास आपला म्हणावा काय? सामान दुसऱ्यानें वाहिलें, जेवण दुसऱ्यानें रांधलें, वारा पुढच्यानें अडविला, हें सारें खरें. पण चढावर जें पायडल फिरतें तें कोणालाही उसनें मिळत नाहीं. मदतीनें श्रम नाहींसे होत नाहींत. ज्याला ते एकट्यानें कधींच करतां आले नसते, त्याच्या आवांक्यांत ते येतात, एवढेंच होतें. ८३ वर्षांच्या पिकार्डना वाटेवरच्या लोकांनीं टाळ्या दिल्या असतील, पाणी दिलें असेल. पाय कोणी दिले नाहींत.

सातव्या दिवशीं दुपारीं मिसिसिपीच्या कांठीं रांग लागते. पहिल्या दिवशीं सुसाट पुढें गेलेला आणि रोज सायंकाळीं शेवटीं पोंचलेला, दोघेही त्याच रांगेंत असतात. प्रत्येकजण पाळी आली कीं सायकल पाण्यांत ढकलतो, पुढचें चाक भिजवितो आणि मागून येणाऱ्याला जागा करून देतो.