औषधाची भरती-ओहोटी

भाईंदर हें मिठागरांचें गांव. वसईच्या खाडीकांठीं मीठ पिकविणाऱ्या माणसास शाळेचें तोंड न पाहतांही एक हिशेब पक्का ठाऊक असतो. उधाणाच्या भरतीस उघाडीवाटे किती पाणी आंत घ्यावयाचें, साठवणीच्या तळ्यांतून तें उथळ वाफ्यांत केव्हां सोडावयाचें, आणि दिवसाच्या उन्हानें त्यांतलें किती उडून जाईल, या तीन गोष्टींवर त्याचें सारें पीक अवलंबून असतें.

या तळ्यांतलें पाणी दोन वाटांनीं कमी होतें, आणि त्या दोन वाटांचे स्वभाव भिन्न आहेत. ओहोटीच्या वेळीं उघाडी मोकळी केली, तर पाणी जितकें उंच तितका त्याच्या धारेला जोर अधिक. पातळी उतरली कीं धारही मंदावते. उन्हाचें तसें नाहीं. पाणी कंबरभर असो कीं घोटाभर असो, ऊन दिवसाकाठीं वरचा जवळजवळ ठराविक थरच उडवितें. तळें फार भरलें म्हणून सूर्य कांहीं जास्त काम करीत नाहीं. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण माणसाच्या शरीरांत गेलेल्या औषधाचा हिशेब याच दोन वाटांनीं चालतो, आणि या दोहोंतील फरक न कळल्यामुळें सुशिक्षित घरांतही जिवावर बेतण्याजोग्या चुका होतात.

गोळी गिळली कीं ती पोटांत विरघळते आणि मुख्यतः लहान आंतड्यांतून रक्तांत शिरते. आंतड्यांतून निघालेलें रक्त प्रथम यकृताकडे जातें, त्यामुळें कित्येक औषधांचा कांहीं अंश तेथेंच खर्चीं पडतो. उरलेलें औषध रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतें. कांहीं स्नायूंत मुरतें, कांहीं चरबींत बसतें, कांहीं रक्तांतील प्रथिनांना चिकटून राहतें. त्याच वेळीं यकृत त्याचें रूप पालटीत असतें आणि मूत्रपिंडें त्यास बाहेर काढीत असतात. शरीर हा अशा रीतीनें एकमेकांस जोडलेल्या अनेक वाफ्यांचा समुदाय आहे. १९३७ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल यानें हीच कल्पना गणितांत बसविली. शरीराचे मोजके कप्पे कल्पून एका कप्प्यांतून दुसऱ्यांत औषध किती वेगानें जाईल, याचीं समीकरणें त्यानें मांडलीं. पुढें १९५३ सालीं जर्मन बालरोगतज्ज्ञ डोस्ट याच्या ग्रंथानें या शास्त्रास ‘फार्माकोकायनेटिक्स’ हें नांव दिलें. मराठींत त्यास औषधगतिशास्त्र म्हणतां येईल.

या शास्त्राचा पहिला धडा उघाडीचा आहे. बहुतेक औषधें नेहमींच्या मात्रेंत असतां उघाडीच्या रीतीनेंच शरीराबाहेर पडतात. रक्तांत जितकें अधिक, तितकें बाहेर जाणेंही अधिक. म्हणून ठराविक काळांत औषध निम्में होतें, पुन्हां तितक्याच काळांत उरलेल्याचें निम्में होतें. या काळास अर्धायुष्य म्हणतात. तापावर घरोघर घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचें अर्धायुष्य निरोगी प्रौढांत सुमारें दोन ते तीन तासांचें आहे. हृदयविकारावरील डिगॉक्सिनचें दीड ते दोन दिवसांचें. एक गोळी दिवसांतून अनेकदां आणि दुसरी एकदांच कां, याचें मुख्य उत्तर येथें आहे.

आतां पाटीवर सोडवितां येईल असें एक उदाहरण घेऊं. एका औषधाचें अर्धायुष्य ६ तासांचें आहे आणि दर ६ तासांनीं त्याची १०० मिलिग्रॅमची मात्रा दिली जाते, असें समजावें. पहिल्या मात्रेनंतर शरीरांत १००. सहा तासांनीं ५० उरले, त्यांत १०० मिळाले, १५० झाले. पुढच्या वेळीं १७५, मग सुमारें १८८, मग १९४. बेरीज २०० च्या जवळ जाऊन थबकते, कारण तेथें प्रत्येक मात्रेइतकेंच औषध दोन मात्रांच्या मधल्या काळांत बाहेर पडूं लागतें. ही समतोल पातळी गांठण्यास साधारण चार ते पांच अर्धायुष्यें लागतात. डिगॉक्सिनसारख्या औषधास त्यासाठीं आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. अशा औषधाच्या बाबतींत ‘दोन दिवस झाले, गुण नाहीं’ म्हणून तें सोडून देणें म्हणजे तळें भरण्यापूर्वींच उघाडी बंद करून मीठ कां धरलें नाहीं, असें विचारणें होय.

याच उदाहरणांत एक मात्रा चुकली असें समजूं. पुढच्या वेळेपर्यंत शरीरांत ५० च उरले. तेव्हां नेहमींची एक मात्रा घेतली तर १५० होतात आणि पुढच्या दोन-तीन मात्रांत गाडी पूर्ववत् रुळावर येते. पण चुकल्याची भरपाई म्हणून दोन मात्रा एकदम घेतल्या, तर बेरीज २५० होते. म्हणजे नेहमींच्या कमाल पातळीहून ५० अधिक. ज्या औषधाच्या गुणाची आणि विषाची पातळी जवळजवळ असते, तेथें हे ५० रोग्यास रुग्णालयांत नेऊं शकतात.

सर्वांच्या उघाड्या सारख्या रुंदीच्या नसतात, हा दुसरा धडा. आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याच देशांत मिळाला. क्षयरोगावरील औषधोपचाराच्या अभ्यासासाठीं १९५६ सालीं मद्रास (आजचें चेन्नई) येथें एक केंद्र स्थापन झालें. क्षयावरील आयसोनियाझिड हें औषध कांहीं लोकांचें यकृत झपाट्यानें निकामी करतें, तर कांहींचें सावकाश. झपाट्यानें निकामी करणाऱ्यांत त्याचें अर्धायुष्य सुमारें एक ते दीड तास, सावकाश करणाऱ्यांत तीन तास वा त्याहून अधिक. हा भेद वंशपरंपरेनें आलेला असतो. रोग्याकडे पाहून तो कळत नाहीं. औषध रोज दिलें असतां या भेदानें गुणांत विशेष फरक पडला नाहीं. परंतु आयसोनियाझिड आणि स्ट्रेप्टोमायसिन आठवड्यांतून एकदांच देऊन पाहिलें, तेव्हां झपाट्यानें निकामी करणारे रोगी मागें पडले. गोळी तीच, रोग तोच. मधलें अंतर वाढतांच एका गटास औषध अपुरें पडूं लागलें. दोन मात्रांमधील अंतर हा औषधाचाच भाग आहे, असें यावरून म्हणावें लागतें.

आतां उन्हाच्या वाटेकडे वळूं. मद्य या वाटेनें जातें, हें स्वीडनमधील विडमार्क यानें मोजून दाखविलें होतें. रक्तांतलें मद्य निम्म्यानिम्म्यानें न उतरतां तासागणिक जवळजवळ ठराविक प्रमाणानें उतरतें. यकृतांतील ज्या द्रव्यांकडे हें काम असतें, त्यांचे हात भरले कीं अधिक काम त्यांच्याकडून होत नाहीं. अशा द्रव्यांच्या कामाचा वेग मोजण्याचें सूत्र मायकेलिस आणि मेंटेन यांनीं १९१३ सालींच दिलें होतें. मद्याचें राहो, परंतु नित्य वापरांतील एक मोलाचें औषधही याच रीतीचें आहे. तें म्हणजे फेफऱ्यावरील फेनिटॉइन. १९३८ पासून तें वापरांत आहे आणि असंख्य रोग्यांस त्यानें चारचौघांसारखें जीवन दिलें आहे.

समजा, मीरा रोडच्या एका घरांत साठ किलो वजनाच्या तरुणास हें औषध चालूं आहे. रोज १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. कित्येक महिन्यांनीं एके दिवशीं त्यास पुन्हां झटका येतो. घरांत घबराट उडते. आई म्हणते, “अरे, तीन गोळ्यांनीं भागत नाहीं तर चार घे, एका गोळीनें काय होतें?” मायेपोटीं आलेला हा सल्ला वरवर पाहतां वाजवीही दिसतो. तीनांच्या जागीं चार. म्हणजे एकतृतीयांश वाढ.

परंतु हिशेब निराळा निघतो. या तरुणाचें यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम फेनिटॉइन निकालांत काढूं शकतें, आणि लिटरमागें ४ मिलिग्रॅम पातळी असतां तें निम्म्या शक्तीनें काम करतें, असें धरूं. प्रौढ माणसाच्या बाबतींत हे आंकडे स्वाभाविक आहेत. आतां रोजची मात्रा ४२० मधून वजा करावी. मात्रेस ४ नें गुणावें आणि आलेल्या वजाबाकीनें भागावें. रक्तांतील समतोल पातळी मिळते. मात्रा ३०० असतां वजाबाकी १२०, पातळी लिटरमागें १० मिलिग्रॅम. मात्रा ३५० असतां वजाबाकी ७०, पातळी २०. मात्रा ४०० असतां वजाबाकी केवळ २०, आणि पातळी ८०. साधारणपणें १० ते २० ही पातळी इष्ट मानतात. अर्धी गोळी वाढविली तर पातळी दुप्पट. पूर्ण गोळी वाढविली तर आठपट!

यांत अधिक घातक गोष्ट ही कीं ही चढण एका दिवसांत होत नाहीं. पातळी आठवडेच्या आठवडे वर सरकत राहते. पहिले कांहीं दिवस सारें ठीक वाटतें, आईला आपला सल्ला मानवल्याचें समाधान होतें. मग मुलाचे डोळे नाचूं लागतात, पाय लटपटतात, बोलणें अडखळतें, ग्लानि येते. तोंवर वाढविलेली गोळी सर्वांच्या विस्मरणांत गेलेली असते. कोणी अशक्तपणा म्हणतो, कोणी त्यानें नशा केली असा संशय घेतो. उलट, घाबरून सर्व गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके पुन्हां उसळतात आणि कधीं कधीं ते थांबतांच थांबत नाहींत. म्हणून वाढविणें आणि थांबविणें, दोन्ही गोष्टी वैद्याच्या हातींच राहिल्या पाहिजेत.

मग वैद्य तरी काय करतो? तो तळ्याची खोली मोजतो. रक्ताचा नमुना घेऊन त्यांतलें औषध मोजतां येतें. मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील औषधशास्त्रज्ञांनीं हें काम पुष्कळ केलें आहे. मोजलेली पातळी गणिताशीं ताडून पाहिली, कीं त्या विशिष्ट माणसाचें यकृत किती काम करतें याचा अंदाज येतो आणि पुढची मात्रा आखतां येते. मात्र नुसत्या रक्तावरून सर्व उलगडा होतो असें नाहीं. डिगॉक्सिनची रक्तांतील पातळी पाहून तें किती पाण्यांत मिसळलें असावें असा हिशेब केला, तर प्रौढ माणसांत उत्तर सुमारें ५०० लिटर येतें! इतकें पाणी कोणाच्याही शरीरांत नसतें. याचा अर्थ इतकाच कीं औषधाचा बहुतेक भाग रक्त सोडून स्नायूंत व हृदयांत जाऊन बसला आहे.

अलीकडे संगणकाच्या साह्यानें हे आराखडे पुष्कळ बारकाईचे झाले आहेत. यकृत, मूत्रपिंडें, मेंदू, चरबी यांस स्वतंत्र वाफे मानून प्रत्येकाचें आकारमान व तेथें जाणारें रक्त हिशेबांत धरतात. बालकांस किंवा गर्भवती स्त्रियांस किती मात्रा द्यावी, दोन औषधें एकत्र दिलीं असतां काय होईल, कारखान्यांतील द्रावक श्वासावाटे शरीरांत किती साठेल, यांचा अंदाज अशा रीतीनें बांधतात. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हें शास्त्रानें फार मोठी किंमत देऊन शिकलेलें आहे. १९५९ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं क्लोरॅम्फेनिकॉल हें जंतुनाशक औषध मोठ्या मात्रेंत दिलेलीं नवजात अर्भकें करड्या रंगाचीं पडून दगावत होतीं. त्यांचें यकृत तें औषध निकामी करण्याइतकें अद्याप तयार झालेलें नव्हतें. मात्रा वजनाच्या हिशेबानें ठरविली होती. उघाडीची रुंदी कोणी पाहिली नव्हती.

तरीही आराखडा तो आराखडाच. मिठागरावरचा जुना माणूस आपला ठोकताळा जाणून असतो, पण रोज सकाळीं बांधावर जाऊन वाफाही पाहतो. अवेळीं ढग आले तर हिशेब बदलतो. रोग्याच्या घरीं हें पाहण्याचें काम घरच्यांनींच करावयाचें आहे. त्यासाठीं एक साधी वही पुरे. कोणती गोळी, किती वाजतां घेतली, कोणती चुकली, नवें औषध केव्हां सुरू झालें, आणि चालण्या-बोलण्यांत, झोपेंत वा भुकेंत काय बदल दिसला, एवढें तीत लिहावें. चुकलेल्या गोळीचें काय करावयाचें, हें औषध सुरू होतांनाच डॉक्टरांस विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवावें. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊं नये. मीरा रोडच्या त्या आईजवळ अशी वही असती, तर चौथी गोळी देण्यापूर्वीं तिनें ती उघडली असती. आणि झटका आला त्याच्या आदल्या दोन दिवशीं मुलानें गोळ्या घेतल्याच नव्हत्या, हें कदाचित् तिला त्याच पानावर सांपडलें असतें.