फाइंड अँड रिप्लेस आणि ताईचा लघुशोधप्रबंध

आजच्या भागात कोडबद्दल कमी आणि शब्दांबद्दल जास्त बोलणार आहे. प्रबंध, शोधनिबंध, प्रकल्प अहवाल असं काही लिहिताय, किंवा घरातलं कोणी लिहितंय, तर हा भाग तुमच्यासाठी. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरी, घर, दोन मुलं सांभाळून तिने एम.एड. केलं. पहाटे साडेचारला उठून, सगळे जागे व्हायच्या आत लिहायची. तिचा विषय होता चौथीच्या मुलांचं प्रकट वाचन. एका वर्गातल्या ३२ मुलांची आधी वाचनाची पूर्वचाचणी घेतली, मग सहा आठवडे रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचा सराव, आणि शेवटी उत्तरचाचणी.

लघुशोधप्रबंध टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मी बीटेक, रोज कोड लिहिणारा माणूस. फाइल उघडली आणि पाहिलं, तर एका प्रकरणात ‘गृहीतक’, दुसऱ्यात ‘परिकल्पना’ आणि एका ठिकाणी ‘गृहीतकृत्य’. म्हटलं, ही काय गंमत? एकाच गोष्टीला तीन नावं? मी सगळीकडे ‘परिकल्पना’ करून टाकलं. फाइंड अँड रिप्लेस! वर शहाणपणा असा, की ‘गृहीतक’ हे ‘गृहीतकृत्य’च्या पोटात येतं म्हणून आधी लांब शब्द बदलला, मग आखूड. ‘गृहीतके’ बदलताना मागे लटकलेल्या मात्राही हाताने काढल्या. ताईला फोन करून सांगितलं, “तुझा प्रबंध एकदम क्लीन केलाय.”

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, “बाई, जे तुम्ही आधीच मानून चाललाय, तेच तुम्ही तपासणार आहात का?” ताईला प्रश्नच कळला नाही. ती गप्प उभी राहिली. दुरुस्त्या करून पुन्हा सादर करा, असा शेरा मिळाला. मला तिने हे चार दिवसांनी सांगितलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “अरे, मला वाटलं मलाच काही येत नाही.”

ते वाक्य मला फार लागलं. मग आम्ही दोघं रविवारी बसलो आणि एकेक शब्द सोडवला. तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली जोडी हीच. गृहीतक म्हणजे जे आपण तपासणार नाही, खरं धरून चालणार आहोत. ताईच्या बाबतीत, ‘चौथीच्या मुलांना अक्षरओळख आहे’. परिकल्पना म्हणजे जे आपण माहिती गोळा करून तपासणार आहोत. ‘पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही’, ही तिची शून्य परिकल्पना. मी दोन्ही एकत्र केली आणि अभ्यासाचा पायाच काढून घेतला. आता तिसरा शब्द. समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘गृहीतकृत्य’ हा परिकल्पनेसाठीच वापरतात. ताईने तो तिथूनच उचलला होता. म्हणजे तीन शब्दांपैकी दोन एकाच अर्थाचे होते आणि एक वेगळा. मशीनला हे कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

शून्य परिकल्पना ऐकून बरेच जण गोंधळतात. फरक पडावा अशी इच्छा असताना ‘फरक नाही’ असं का लिहायचं? कारण पुरावा द्यायची जबाबदारी आपल्यावर असते. आधी ‘फरक नाही’ धरायचं, मग आकडे त्याच्या विरोधात उभे राहतात का ते बघायचं. राहिले, तर शून्य परिकल्पनेचा त्याग. नाही राहिले, तर ‘त्याग करता येत नाही’. म्हणजे ती खरी ठरली असं नव्हे! माझ्या धंद्यातलं सांगतो. सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे कोडमध्ये बग नाहीत असं होत नाही. आपल्याला सापडले नाहीत, एवढंच.

आता ‘सार्थक’. आपल्याकडे जन्माचं सार्थक होतं. मुलाला नोकरी लागली की आईच्या कष्टाचं सार्थक होतं. संख्याशास्त्रात हा शब्द बिचारा फार छोटं काम करतो. ०.०५ स्तरावर फरक सार्थक आहे, म्हणजे खरा फरक मुळीच नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता १०० त ५ पेक्षा कमी. बस्स. फरक मोठा आहे, महत्त्वाचा आहे, असं तो शब्द सांगत नाही. समजा, हजारो मुलांची चाचणी घेतली आणि सरासरी पाव गुणाने वाढली, तर तो फरकही सार्थक निघू शकतो. पाव गुणासाठी शाळेचं वेळापत्रक बदलायचं का, हा वेगळा प्रश्न.

असे शब्द खूप आहेत. ‘काय नमुना आहे!’ आपण माणसाला म्हणतो. प्रबंधात नमुना म्हणजे मोठ्या गटातून अभ्यासासाठी निवडलेला छोटा गट. ‘चल’ म्हणजे निघूया, पण प्रबंधात ज्याचं मूल्य बदलू शकतं ते. ताईचा वाचनसराव हा स्वाश्रयी चल, आणि चाचणीतले गुण हा आश्रयी चल. मर्यादा आणि परिमर्यादा हीसुद्धा अशीच जोडी. परिमर्यादा आपण आखून घेतो, जसं एकच शाळा, फक्त चौथी. मर्यादा आपल्या हातात नसतात, जसं सहा आठवड्यांत कोण किती दिवस गैरहजर राहील, घरी कोण वाचून घेईल.

माझी चूक कुठून आली, याचा मी विचार केला. शाळेत निबंध लिहिताना आपल्याला काय शिकवतात? तोच शब्द परत परत वापरू नका, समानार्थी शब्द वापरा, भाषा नटवा. निबंधाला ते ठीक आहे. प्रबंधात उलटं चालतं. एका गोष्टीला एकदा नाव दिलं की शेवटच्या पानापर्यंत तेच. पान १२ वर ‘प्रकट वाचन’ आणि पान ४० वर ‘मुखवाचन’ लिहिलंत, तर वाचणारा विचारणारच, या दोन गोष्टी आहेत का? म्हणूनच सुरुवातीला कार्यात्मक व्याख्या लिहितात. ‘या अभ्यासात वाचनक्षमता म्हणजे अमुक चाचणीत मिळालेले गुण.’ आम्ही व्हेरिएबलला नाव देतो, तसंच हे. आणि याची दुसरी बाजू म्हणजे माझा प्रताप: दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव द्यायचं नाही.

शेवटचा मुद्दा क्रियापदांचा. ताईने लिहिलं होतं, ‘सरावामुळे वाचन सुधारले हे सिद्ध झाले.’ सरांनी ‘मुळे’ आणि ‘सिद्ध’ या दोन शब्दांखाली रेघ मारली होती. बरोबरच होतं. सहा आठवड्यांत मुलं शाळेत एरवीही शिकत होती. सराव न केलेला नियंत्रित गट अभ्यासात नव्हता, मग सुधारणा सरावामुळेच झाली असं कसं म्हणणार? तिने नवं वाक्य लिहिलं: ‘सरावानंतर गुणांत सार्थक वाढ आढळून आली.’ दावा लहान झाला, पण आता तो कोणी खोडू शकत नाही. ‘आढळून आले’, ‘दिसून येते’, ‘सूचित होते’, ‘सिद्ध झाले’ या पायऱ्या आहेत. आपला पुरावा ज्या पायरीवर आहे, तिथेच उभं राहायचं.

करायचं काय? ताईने एक वही केली. डावीकडे शब्द, मध्ये घरातला अर्थ, उजवीकडे प्रबंधातला अर्थ. शब्द अडला, तर राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, ते ऑनलाइनही शोधता येतात. पण विषयागणिक शब्द बदलतो, म्हणून तुमच्या विषयात कोणता चालतो हे मार्गदर्शकांना आधीच विचारा. आणि टाइप करून देणाऱ्या भावाला सांगा, शंका आली तर फोन कर, बदलू नकोस.

दुरुस्त केलेला प्रबंध मंजूर झाला. दुसऱ्या तोंडी परीक्षेला त्याच सरांनी परिकल्पनेबद्दल पुन्हा विचारलं. या वेळी ताई दहा मिनिटं बोलली. संध्याकाळी फोनवर मला म्हणाली, “आता तू विचार, काय विचारायचं ते.”

तुमच्याही वहीतले असे शब्द मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.