नावाचा भाव

माझे अब्बा गुरांच्या बाजारात फिरायचे. लहानपणी मी सोबत असायचो. बैलाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघं हातात हात धरून एकमेकांची बोटं दाबायचे. भोवती वीस माणसं उभी, पण आकडा त्या दोघांनाच ठाऊक.

हा रुमाल मला परवा संगणकावर दिसला.

माझा एक कवीमित्र अनियतकालिक काढायचा. त्याच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्यानं डॉट कॉमसह घेऊन ठेवला होता. मित्र गेला. मागच्या पावसाळ्यात वहिनींचा फोन आला, "भाई, त्या नावाचे कुणी चार हजार डॉलर देतोय. विकू का?" मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. मी तडक म्हणालो, "विका." मग त्यांनी अट सांगितली. तो माणूस सांगेल तिथूनच आधी नावाच्या किमतीचा दाखला आणायचा. दाखल्याचे नव्वद डॉलर वहिनींनी भरायचे.

इथं मी थबकलो आणि चौकशीला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की हे नाव आपल्या मालकीचं नसतंच. ते भाडेपट्ट्यानं मिळतं, मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. चुकलं तर दुसरा घेऊन जातो. मग भाव कशाला येतो? नाव आखूड हवं, रोजच्या वापरातलं हवं, ऐकून बिनचूक लिहिता यावं आणि पुढे शक्यतो डॉट कॉम असावं. 'बिझनेस डॉट कॉम' १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलं आणि १९९९ मध्ये ७५ लाखांना. 'व्हॉइस डॉट कॉम'चे २०१९ मध्ये ३ कोटी डॉलर आले. तो आकडा विकणाऱ्या कंपनीनं जाहीर केला म्हणून आपल्याला कळला. एरवी बरेच सौदे रुमालाखालीच होतात. शेजारचं घर कितीला गेलं ते पाहून आपल्या घराचा अंदाज बांधावा, तर इथं शेजारी तोंड उघडत नाही. फुकट अंदाज सांगणारी यंत्रं आहेत. आमच्या नावाचे एकानं अकराशे डॉलर सांगितले, दुसऱ्यानं शंभरच्या आत. गिऱ्हाईक मात्र कुणीच दाखवलं नाही.

मराठी नावाची आणखी एक अडचण. रोमन लिपीत आपला 'ळ' कुठं आहे? 'काळ' आणि 'काल' तिथं एकच. मित्राच्या अंकाच्या नावात नेमका हा 'ळ'. फोनवर सांगितलं तर दहातले पाच जण चुकीचं लिहितील, आणि तेवढा भाव उतरणार. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळतं. 'ळ' तिथं शाबूत राहतो, पण मला तिथं गिऱ्हाइकांची गर्दी दिसली नाही.

उलट, दुसऱ्याच्या नावाजलेल्या नावाशी मिळतंजुळतं नाव धरून बसलात, तर किंमत राहते बाजूला आणि कोर्टाची पायरी चढावी लागते. 'रेडिफ'सारखंच 'रॅडिफ' घेणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्ये रोखलं. सर्वोच्च न्यायालयानंही २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात अशा नावांना व्यापारी नावासारखं संरक्षण दिलं. आमच्या नावाला तो धोका नव्हता. कवितेच्या अंकाचं नाव कोण चोरतो!

राहता राहिला दाखला. ही फसवणूक जुनीच आहे, असं कळलं. गिऱ्हाईक आणि दाखला देणारा आतून एकच. नव्वद डॉलर पोचले की दोघंही गायब. आम्ही उलट लिहिलं, "दाखला राहू द्या. चार हजार डॉलर तिऱ्हाइताकडे अमानत ठेवा, नाव लगेच देतो." उत्तर आलं नाही.

फीसाठी वहिनींनी पतपेढीचं कर्ज काढलं. नावाची मुदत मार्चमध्ये संपत होती. या वर्षाचे पैसे आपण भरावेत म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी ते आदल्याच दिवशी भरले होते, पाच वर्षांचे.