समूहगानातील शेजार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



पंढरपुरास भरलेल्या भजनी मंडळांच्या मेळाव्याचा वृत्तान्त मी आपणांपुढे ठेवावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी गवई नव्हे. शाळेत मुलांची अक्षरे वळविली आणि दर गुरुवारी आपल्या भजनात टाळ धरला, एवढीच माझी पुंजी. तरी दोन दिवस मनसोक्त गावयास मिळणार, या आनंदात आदल्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगण्यात संकोच कसला? गवयाला श्रोते लागतात. माझ्यासारख्याला शेजारी गाणारा लागतो.

पहिला दिवस स्पर्धेचा होता. प्रत्येक मंडळास ध्वनिक्षेपक एकच, आणि तो मुख्य गायकापुढे. पेटी त्याची, ताना त्याच्या. मागील दहाबारा जण नुसते ओठ हलवीत बसलेले. परीक्षकांचे गुणही तानांनाच पडले. ऐकावयास ते गोड होते, यात शंका नाही. परंतु त्याला समूहगान म्हणणे म्हणजे नवरदेवालाच वरात म्हणण्यासारखे आहे!

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात दिंडीच्या पद्धतीने भजन झाले. तेथे परीक्षक नव्हते, श्रोतेही नव्हते, कारण जो आला तो गाऊ लागला. ही पद्धत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पण तिच्यातील शहाणपण माझ्या ध्यानात आले ते त्या दिवशी. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये मृदंग, आणि वीणेकरी. एकाने चरण म्हणावयाचा, एका रांगेने तो उचलावयाचा, दुसरीने पुन्हा म्हणावयाचा. म्हणणारा दमला की शेजारचा पुढे होतो आणि अभंग खंडत नाही. आळंदीहून निघालेली पालखी पंढरीस पोहोचावयास सुमारे अडीच आठवडे लागतात. ऊनपावसात, उघड्या माळावर, इतके दिवस एकट्या माणसाचा गळा कसा टिकावा? तो टिकणार नाही, हे ओळखूनच जणू पूर्वजांनी ही वाटणी केली असावी, असे मला वाटते. दुसऱ्याचा चरण चालू असतो तेवढ्यात आपणांस श्वास मिळतो.

माझ्या उजव्या हाताला एक वृद्ध शेतकरी उभे होते. मी रंगात येऊन मोठ्याने गाऊ लागताच त्यांनी माझ्या कोपरास हलकेच स्पर्श केला आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, माझा आवाज तुमच्या कानी येतोय न्हवं?’’ पुढे तासभर मी त्यांचा आवाज कानाआड होऊ दिला नाही. लय चढू लागली की मृदंगाच्या मागे धावण्याचा मोह होतो. पण शेजाऱ्याचा टाळ ऐकणारा धावत नाही. वर्गात मुलांना कविता एका सुरात म्हणावयास लावताना मी जे वर्षानुवर्षे सांगत आलो, ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले.

पाश्चात्त्यांचे समूहगान निराळे. त्यांच्याकडे स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार स्वरप्रवाह एकाच वेळी चालतात, आणि त्यांची सांगड हेच तेथील सौंदर्य. आपल्याकडे चाल एकच, त्यामुळे पट्टीची अडचण उभी राहते. पुरुष काळी एकमध्ये सुखाने गातो, तर स्त्रीला काळी चार-पाच सोयीची. म्हणून दोघांनी एकत्र गाऊ नये, असे आपल्यातील काही वडीलधारे म्हणतात. मला हे पटत नाही. थोडी मधली पट्टी धरली, काही चरण केवळ स्त्रियांना दिले, की निभावते. कै. वसंत देसाई (१९१२–१९७५) यांनी तर शाळाशाळांतील मुलामुलींना हजारोंच्या संख्येने एका सुरात गावयास लावले. ‘गुड्डी’ (१९७१) चित्रपटातील त्यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना कित्येक शाळांतून म्हटली गेली. ज्याला गाता येत नाही असे समजून मागे बसवितात, तो मुलगाही तीत गातो, हा माझा अनुभव आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या मंडळात आज नऊ जण उरले आहेत आणि त्यांतील सहा जण माझ्याहून वयाने मोठे. गिरण्या बंद पडल्या, तरुण पुण्यास गेले. त्यांना दोष देऊन काय मिळणार? ज्ञातीतील सुना-लेकी गावयास उत्सुक आहेत. शेजारच्या गल्लीतील, आपल्या ज्ञातीबाहेरचा एक मुलगा उत्तम पखवाज वाजवितो. त्यांना घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे दोन वर्षे पडून आहे, आणि ध्वनिक्षेपक घेण्याचा ठराव मात्र एका बैठकीत झाला!

ज्या वाळवंटात आम्ही गायलो त्याच पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. ज्यांचे अभंग आपण आत बसून गात होतो, त्यांच्या बांधवांना शतकानुशतके आत प्रवेश नव्हता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिराची दारे उघडली. त्या देवाचे भजन करणाऱ्या मंडळाने पखवाज वाजविणाऱ्याची ज्ञाती विचारावी काय? आपले ज्ञातिमंडळ वधूवरांसाठी आहे, विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी आहे. तेथे सभासदत्वाचे नियम जरूर असावेत. भजनाच्या सतरंजीवर ते नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आज मी लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिले आहे.

निर्णय व्हावयाचा तेव्हा होवो. तालीम कोणासही खुली असते, तिला ठराव लागत नाही. येत्या गुरुवारी रात्री साडेआठ वाजता आपल्या सभागृहात ती आहे. त्या मुलास मी येण्यास सांगितले आहे. भगिनींपैकी एकीने पखवाजासाठी थोडी कणीक मळून आणावी. मंडळाकडे टाळांच्या आठच जोड्या आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी आपापल्या आणाव्यात.