मोबाईलची शिदोरी

आम्ही पिंपळगाव बसवंतच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आज पापड-लोणच्याची गोष्ट नाही, आज पॉवर बँकेची गोष्ट. नाव बँक असलं तरी हिच्यात पैसे ठेवायचे नाहीत, वीज ठेवायची. मळ्यात जाताना आपण फडक्यात भाकरी बांधून नेतो ना, तशी ही मोबाईलची शिदोरी.

आम्हाला हिची गरज कशी पडली, ते आधी सांगतो. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात आम्ही बेदाणे आणि कांदा-लसूण मसाला घेऊन बसलो होतो. पैसे घ्यायला क्यूआर कोडचा कागद लावलेला. खातं गटाच्या कोषाध्यक्ष ताईंच्या मोबाईलला जोडलेलं. दुपारी एकलाच त्यांचा मोबाईल बंद पडला. स्टॉलवर चार्जिंगला पॉईंट नव्हता. गिऱ्हाईक आपला मोबाईल दाखवून म्हणायचं, "पाठवले बघा पैसे." आम्ही मान हलवायचो. रात्री घरी येऊन मोबाईल लावला, खातं पाहिलं, तर विकलेल्या मालाच्या मानाने साडेचारशे रुपये कमी. कुणी फसवलं की आमचंच काही चुकलं, कसं कळणार? दुसऱ्या दिवशी बैठकीत कुजबुज झाली आणि कोषाध्यक्ष ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पैशाचं एवढं नाही वाटलं. आपल्याच बाईवर संशय आला, त्याचं वाईट वाटलं.

मग आम्ही ठरवलं, गटाच्या पैशातून पॉवर बँक घ्यायची. आणि तिथे दुसऱ्यांदा फसलो. रस्त्याच्या कडेच्या हातगाडीवर स्वस्तात मिळाली, खोक्यावर मोठ्या अक्षरात वीस हजार लिहिलेलं. घरी आणली, रात्रभर भरली, तर एक मोबाईलसुद्धा पूर्ण भरला नाही. तेव्हा मात्र आम्ही बसून नीट समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

खोक्यावरचा आकडा असतो एमएएचचा, म्हणजे मिलिअँपिअर-अवरचा. दहा हजार, वीस हजार असा. आता तुम्ही म्हणाल, आमच्या मोबाईलची बॅटरी पाच हजारची, मग दहा हजारच्या पॉवर बँकेत मोबाईल दोनदा भरायला हवा. तसं होत नाही. उन्हाळ्यात चाळीत भरलेला कांदा आणि दिवाळीच्या आधी काढलेला कांदा सारखा भरतो का? घट येतेच. इथेही घट येते.

ती का येते? पॉवर बँकेच्या आतल्या लिथियम बॅटरीचा दाब साधारण 3.7 व्होल्ट असतो. खोक्यावरचा आकडा त्या दाबाचा. पण वायरमधून मोबाईलकडे वीज जाते ती साधारणपणे 5 व्होल्टने. विहिरीतलं पाणी उंच टाकीत चढवायला मोटर लागते, तसा दाब वाढवायला आत एक सर्किट असतं. दाब वाढला की आकडा कमी होतो, आणि थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणून तर चार्जिंग करताना पॉवर बँक कोमट लागते. दहा हजारच्या चांगल्या पॉवर बँकेतून खरे हाती येतात साधारण साडेपाच ते साडेसहा हजार. म्हणजे पाच हजारचा मोबाईल एकदा पूर्ण भरेल, वर पाव ते निम्मा. याहून जास्त आशा धरायची नाही.

ही हाती येणारी संख्या चांगल्या पॉवर बँकेवर लिहिलेली असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' असं असतं. दुकानात गेल्यावर मोठा आकडा नंतर, आधी ही ओळ वाचायची. अक्षर बारीक असलं तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सोबत न्यायचं. ही ओळच नसेल तर वस्तू परत ठेवायची.

दुसरी खूण, नोंदणी. आपल्या देशात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ब्युरोचं चिन्ह असतं आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. 'बीआयएस केअर' नावाच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. खोक्यावरचं नाव आणि तिथलं नाव जुळलं पाहिजे. तिसरी खूण, वजन. दहा हजारची पॉवर बँक साधारण पाव किलोच्या आसपास भरते. वीस हजारची म्हणून दिलेली वस्तू हातात फुलासारखी हलकी लागली, तर समजून जायचं. आणि बिल घ्यायचंच. बिल नाही तर गॅरंटी नाही.

विजेच्या बिलाची काळजी करू नका. दहा हजारची पॉवर बँक एकदा भरायला साधारण 50 वॅट-अवर वीज लागते. एका युनिटमध्ये ती वीसेक वेळा भरते.

आता जपायचं कसं? लिथियम बॅटरीचा मोठा वैरी म्हणजे ऊन. पत्र्याच्या छताखाली, गाडीच्या डिकीत, चुलीशेजारी ठेवायची नाही. उशीखाली किंवा गोधडीत ठेवून चार्जिंग करायचं नाही, उष्णतेला बाहेर पडायला जागा लागते. पार शून्यावर जाऊ द्यायची नाही. महिनाभर लागणार नसेल तर निम्मी भरून ठेवायची. फुगली, वास आला, पाण्यात पडली, तर वापर तिथेच बंद. फोडून बघायचं नाही, चुलीत टाकायचं नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

आणि शिदोरी पुरवून खायची असते. मोबाईलचा उजेड कमी ठेवा. मळ्यात रेंज कमी असली की मोबाईल टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. काम नसेल तेव्हा इंटरनेट बंद ठेवा.

आता शेवटची गोष्ट. यंदाच्या पावसाळ्यात मळ्यातल्या वस्तीवर आमच्या एका ताईंच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. लाईट संध्याकाळपासून गेलेली. मुलगा बाहेरगावी. ताईंचा मोबाईल पाच टक्क्यांवर. पण त्या आठवड्यात गटाची पॉवर बँक त्यांच्याकडे होती. 108 ला फोन लागला. एका फोनवर भागत नाही हो, रस्ता विचारायला ड्रायव्हरचे पुन्हा चार फोन आले. ते सगळे घेता आले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

नंतर आम्ही ताईंना विचारलं, लाईट तर संध्याकाळी गेली, मग मोबाईल दिवसा का नाही भरला? त्या म्हणाल्या, "घरात पॉईंट एक. आधी ह्यांचा मोबाईल, मग मुलाचा, मग पाहुण्यांचा. माझा नंबर येईस्तोवर लाईट गेली." मैत्रिणींनो, आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण हे प्रत्येकीच्या घरचं होतं. ताटात शेवटी बसायची सवय आपण चार्जिंगलाही लावून घेतली आहे.

म्हणून आमच्या गटाने रजिस्टरमध्ये तीन ओळी लिहिल्या. पॉवर बँक दर बैठकीला भरून आणायची. जिची गरज मोठी, तिच्याकडे ती आठवडाभर राहील. घरात कुणी गरोदर असेल किंवा आजारी असेल तर तिचा पहिला हक्क. आणि बाजाराला, प्रदर्शनाला जाताना ती कोषाध्यक्षांच्या पिशवीत. पॉवर बँक नेली कुणी, आणली कुणी, याची सही होते, कर्जाच्या हप्त्यासारखी.

तुमच्या गटात पॉवर बँक येईल तेव्हा येईल. त्याला पैसे लागतात. पण एक काम आजच होण्यासारखं आहे. हे बोलणं ऐकून झालं की उठा, आणि घरातल्या त्या एका पॉईंटला आधी स्वतःचा मोबाईल लावा. कुणी विचारलं तर सांगा, गटाचं काम आहे. खोटं नाही ते.