परमुलखातलं बिऱ्हाड

‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणतो. पण परमुलखात बिऱ्हाड थाटणं हेही काही सोपं नाही. गावाकडचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला जातो, दादरचं भाडं ऐकून दचकतो आणि स्वस्त म्हणून थेट कसारा गाठतो. भाडं वाचतं खरं. पण लोकलमध्ये जाता-येता रोज चारएक तास जातात. लेकरं निजल्यावर बाप घरी येतो. मग हे घर स्वस्त कसं म्हणायचं?

तेव्हा नुसतं भाडं पाहू नका. भाडं, रेल्वेचा पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा, विकतचं पाणी, मुलांची शाळा ही सारी बेरीज कागदावर मांडा. शिक्षक बंधू-भगिनींनी हे गणित वर्गातही जरूर घालावं. पहिला महिना एकट्यानं काढा. उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येतं, ते शेजाऱ्यांना विचारा. घर ठरलं की करार लेखी करून नोंदवून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. अनामत परत मागताना तोच कागद कामी येतो.

घर लहान असलं तरी चालेल. रात्रीचं जेवण सर्वांना एका पंगतीला घेता यावं, एवढं मात्र पाहा.