हिवाळ्यातील रविवार आणि आपली मुले

(गडचांदूर येथे शिक्षक, पालक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



चंद्रपूर जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला प्रथम आठवतो तो येथील उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर मुलांना घरात कोंडून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पावसाळ्यात नाले तुडुंब आणि वाटा चिखलाच्या. मुलांचे बोट धरून गावाबाहेर पडावे असे दिवस आपल्या वाट्याला येतात ते दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतच. या दिवसांचे आपण काय करतो, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. मी शिक्षक असताना दरवर्षी डिसेंबरात शाळेची सहल दूर कोठेतरी जात असे. वर्गणी ठरे, गाडी ठरे. एका वर्षी परत आल्यावर मी मुलांना 'आमची सहल' हा निबंध लिहावयास दिला. मागच्या बाकावरील एका मुलाची वही कोरी राहिली. वर्गणी भरता न आल्यामुळे तो आलाच नव्हता आणि हे माझ्या ध्यानात नव्हते. त्या कोऱ्या पानाने मला जे शिकविले ते कोणत्याही प्रशिक्षण वर्गाने शिकविले नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही गाडी ठरविलीच नाही. एका रविवारी आईवडिलांसह मुलांना घेऊन पायी निघालो. त्या मुलाचे वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. वाटेत त्यांनी दोन दगड उचलले, एक राखी आणि एक काळा. कोणता फोडल्यावर कसा फुटतो, कोणता भट्टीत जातो आणि कोणता रस्त्यावर पडतो, हे ते सांगू लागले आणि सारी मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. मी फक्त एक भर घातली. राखी दगडाची पूड करून तिच्यावर लिंबाचा रस पिळला. पूड फसफसली. तो चुनखडीचा दगड होता. शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी येथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी तो साचला. काळा दगड मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. सिमेंटच्या कारखान्यामुळे हे गाव वाढले; पण ज्या दगडावर घर चालते तो मुलांनी हातात धरून पाहिलेला नसतो. त्या दिवशी त्या मुलाने निबंधाची चार पाने लिहिली.

माणिकगड आपल्याला किती जवळ आहे! जिवतीकडे घाट चढला की दाट जंगलात तो उभा आहे. नागवंशी माना राजांशी त्याचे नाते सांगितले जाते. मुलांना किल्ला दाखविताना नुसत्या राजांच्या गोष्टी सांगू नयेत. हा सारा राजुरा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपूर जिल्ह्यात आला. गाव न हलता जिल्हे बदलले. घरोघरी मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी का बोलली जाते, याचे उत्तर यातही आहे. शेकोटीभोवती आजोबांना हे विचारावे. पुस्तकात नसलेले पुष्कळ निघेल.

ज्यांना गड चढवत नाही त्यांच्यासाठी अमलनाल्याचा जलाशय आहे. विदर्भातील तलावांवर या दिवसांत उत्तरेकडून चक्रवाक, तलवार बदक असे पाहुणे पक्षी येतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून पाळला जातो. शाळांनी तो भिंतीवरील चित्रांपुरता ठेवू नये, मुलांना पाण्याकाठी न्यावे.

कोणी म्हणेल, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुराला सहल कशी परवडणार? प्रश्न रास्त आहे. त्याला पूर्ण दिवस मिळणार नाही. पण शेतातल्या धुऱ्यावर तुरीच्या शेंगा उकडून खाणे, हरभऱ्याचा हुळा भाजणे, बोरे वेचणे, हीदेखील सहलच आहे. तिला वर्गणी लागत नाही. ज्या मुलांचे पालक येऊच शकत नाहीत, त्यांना शेजाऱ्यांनी बरोबर न्यावे आणि ग्रामपंचायतीने कोणी मागे राहिले काय, याची रविवारी सकाळी चौकशी करावी.

सावधगिरीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या जंगलात वाघ आहे. ऊन चांगले वर आल्यावरच निघावे, जंगलाच्या बाजूला जाण्यापूर्वी वनरक्षकास विचारावे, मुलांना घोळक्यात ठेवावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी यावे. पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. जंगलात विस्तव पेटवू नये. रात्री थंडी फार वाटली तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये. तिच्या वायूला वास नसतो आणि निजलेला माणूस उठत नाही.

शेवटी एक साधे काम सुचवितो. २२ डिसेंबरला शाळेच्या अंगणात मीटरभर लांबीची काठी सरळ रोवा आणि भर दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मापा. गडचांदूरला ती सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल. तेथे चुन्याने खूण करून मुलांची नावे लिहा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याच काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. त्या वेळी शाळेला सुटी असेल. तरीही पालकांनी डोक्यावर रुमाल बांधून मुलांना पाच मिनिटे तेथे आणावे.